सूट नको

टेम्पोत गाद्या, कुकर, माझी ब्रेलची पाटी सगळं चढलं, तरी बाबा दोरी सोडून पुन्हा बांधतच होते. मला दिसत नाही. दोरी करकरताना तेवढी ऐकू येत होती. ते कल्याणलाच राहणार होते, धान्याच्या दुकानासाठी. आई आणि मी ठाण्याला निघालो होतो, वर्तकनगरच्या भाड्याच्या खोलीत.

कारण माझी शाळा. कल्याणच्या शाळेत सगळे प्रेमळ होते. गणिताला सूट, पीटीला सूट. ‘बाळा, तू नुसती बस.’ आई म्हणाली, ‘बसून बसून ही फक्त वयाने वाढेल.’

वर्तकनगरच्या इंग्लिश मीडियम शाळेने मला सगळ्यांच्याच वर्गात घेतलं. ब्रेलसाठी एक टीचर अधूनमधून यायच्या. शेजारची सायली फळा कुजबुजत वाचून दाखवायची.

‘सायली, बडबड बंद,’ गणिताच्या मिस म्हणाल्या.

‘मिस, हिच्यासाठी फळा वाचतेय.’

‘मग जोरात वाच. माझं अक्षर मागच्यांनाही कळत नाही.’

पुढे मिस स्वतःच लिहिता लिहिता बोलायला लागल्या.

भूमितीसाठी मला रबरी पाटी दिली. तिच्यावर काढलेली रेघ बोटाला लागते. पहिल्याच टेस्टला मला शून्य मिळालं. बाबांना कळलं तसे ते दुकान बंद ठेवून थेट मिसकडे आले. ‘पोरीला दिसत नाही, मॅडम. तिचं गणित काढून टाका.’

‘काढते. पण त्या तासाला ती काय करेल?’

बाबा मला म्हणाले, ‘तुला काय पाहिजे गं?’ हे त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं. लोकांसमोर माझा आवाज फुटत नाही. कसंबसं म्हटलं, ‘शून्य राहू दे.’

आता आई कल्याणला परतलीय. मी ठाण्यात नोकरी करते, मैत्रिणींबरोबर राहते. आमच्या खुर्च्या रोज जागा बदलतात, मी आपटते, भांडणं होतात. शनिवार आला की कल्याणला जावंसं वाटतं. पोचले की तासाभरात निघावंसं. तिथे मी आपटू नये म्हणून कोणी काहीच हलवत नाही. बाबा अजून माझ्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून देतात.

परवा म्हटलं, ‘बाबा, राहू द्या.’ त्यांनी हात मागे घेतला. पहिल्याच घासाला काटा लागला. त्यांचं जेवण थांबलेलं मला कळत होतं. काटा खाली जावा म्हणून मी कोरडा भात गिळला आणि पुढचा काटा बोटांनी शोधून ताटाच्या कडेला ठेवला. मग त्यांनी भाकरी मोडली.

घर म्हणजे मला सध्या एवढंच वाटतं: जीव वर-खाली होत असतानाही आपला हात आवरून समोर बसलेलं माणूस.