शेवटचं वळण
वळणात कोणती गाडी सरस, यावर माझा भाऊ आणि त्याचा मित्र कायम भांडत. दोघेही चाकणला गाड्यांची चाचणी घेत. मित्राला चारही चाकांना जोर देणारी त्याची फोर-व्हील-ड्राइव्ह आवडे, भावाला मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी त्याची हलकी टू-सीटर. भाऊ वारल्यावर त्याची खूण म्हणून ती टू-सीटरच उरली. नुसती उभी राहून बंद पडू नये म्हणून मित्राने ती ट्रॅकवर नेली. मी शेजारी बसलो. शेवटच्या वळणात त्याने स्वतःच्या गाडीच्या सवयीने मध्येच ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं घसरली, कठडा माझ्या खिडकीकडे येऊ लागला. आता हीसुद्धा जाणार, असं वाटलं. त्याने स्टिअरिंग उलट फिरवून गाडी कशीबशी सावरली.

“माझ्या गाडीनं इथं ओढून बाहेर काढलं असतं, राव,” थांबल्यावर तो म्हणाला. मग हळूच, “हिनं मात्र घसरायच्या आधी सीटखालून थरथरून सांगितलं होतं. तुझा भाऊ म्हणायचा तसंच.”