मिलिंद राजाचं नाणं

वानखडे सर आज सकाळी गेले. श्रद्धांजलीची पहिली पोस्ट टाकली ती त्यांना खोटं पाडणाऱ्या माणसानेच.

"एक निष्ठावंत संग्राहक हरपला." खाली जोडलेले हात.

पोस्ट टाकणारे माझे पीएच.डी.चे गाइड. नाव लिहीत नाही.

सर संग्रामपूरच्या शाळेत मला इतिहास शिकवायचे. खामगावच्या एका चांदीच्या दुकानात, वितळवायला काढलेल्या मोडीत त्यांना अंगठ्याच्या नखाएवढं नाणं दिसलं. मधे राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं.

मिलिंद राजा. भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा ग्रीक राजा.

दर बुद्धपौर्णिमेला सर ते विहारात न्यायचे आणि येईल त्याच्या तळहातावर ठेवायचे.
"दोन हजार वर्सं झाले याले. हात लाव, भेऊ नको."

मीच म्हटलं, "सर, आमच्या गाइडले दाखवू. रिपोर्ट देतीन."

सरांनी नाणं रुमालात बांधून दिलं. मी ते गाइडच्या हातात दिलं.

चार महिन्यांनी सरांच्या रिटायरमेंटचा सत्कार होता. गाइड पाहुणे म्हणून आले. नाणं परत आणलं आणि माइकवरच सांगितलं, हे नकली आहे, साच्यात ओतलेलं.

सरांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं.

"बरोबर हाय. कडेले साच्याचा सांधा हाय. नकलीच हाय," सर म्हणाले. "पन हे माहं नाही."

गाइड हसले. "सर, तुम्ही दिलं तेच आणलंय."

सर माझ्याकडे वळले.
"तू नेलं होतं नं बाबू? सांग यायले. सांधा होता काय?"

नव्हता. एसटीत मी तीनदा रुमाल सोडून पाहिलं होतं. कड साफ होती.

पण थीसिसवर गाइडची सही व्हायची होती.

"मले नीट आठवत नाही, सर."

त्यानंतर गावात त्यांचं नाव 'नकली मास्तर' पडलं. विहारात ते मागच्या रांगेत बसायला लागले.

मला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेलो. सरांनी एक घेतला.
"बस. चहा घेशीन?"
नाण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

गाइड, ती पोस्ट काढा. नसेल काढायची, तर खाली तुमच्या नावाशेजारी माझंही नाव घाला. सांधा नव्हता, हे मला माहीत होतं.

सर, दुपारी स्मशानभूमीत आलो होतो. पुढे यायची हिंमत झाली नाही.

अखेरचा जयभीम.