खळ्यावरचा युगोस्लाव्हिया

मेडशीच्या जगदेवला फुटबॉलमधलं सगळं कळतं, असं गावात मानलं जाई; आणि असं मानणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द जगदेवचाच होता. त्याला कारणही होतं. तरुणपणी सहा वर्षं तो कामठीच्या छावणीत कामाला होता. पलटणीच्या मैदानावर चुन्याच्या रेघा ओढायच्या आणि चेंडूत हवा भरायची, हे त्याचं काम. गोरे शिपाई खेळायचे, हा काठावर उभा राहून बघायचा. स्वतः त्यानं चेंडूला लाथ मारली ती एकदाच, आणि तो चेंडू थेट भटारखान्यातल्या वरणात जाऊन पडला. ही हकीकत तो गावात सांगत नसे. बायकोला, सोजरबाईला, मात्र लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगून बसला होता.

छप्पन सालचा डिसेंबर होता. सोमवारी अकोल्याच्या मोटारीनं पेपर आला. ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला चार-दोन असं हरवलं होतं! आता मंगळवारी युगोस्लाव्हियाशी गाठ. जिंकेल तो फायनलला, हरेल त्याचं सोन्याचं पदक गेलं.

मंगळवारी सकाळी सोजरबाई कापूस वेचून खळ्यावर आली आणि जागीच थांबली. ज्वारीसाठी दोन दिवस खपून तिनं सारवलेल्या खळ्यावर चुन्याच्या पांढऱ्याफेक रेघा होत्या. भोवती आठ-दहा माणसं उकिडवी बसली होती. रेघांच्या आत ज्वारीची अकरा कणसं म्हणजे आपण आणि कापसाची अकरा बोंडं म्हणजे युगोस्लाव्हिया.

"अवो, हे काय करून राह्यले तुमी?"

"परवाच्या पेपरात काय येनार, ते आजच सांगून राह्यलो. जरा बाजूले सर, तू गोलात हुभी हायेस."

सोजरबाई सरली, पण गेली नाही. जगदेव काडीनं एकेक जागा दाखवत होता. वाऱ्याची झुळूक आली की हलकी बोंडं आपल्या गोलाकडे सरकायची. जगदेव ती गुपचूप मागे नेऊन ठेवायचा. एका कोंबडीनं आपला उजवा बॅक अर्धा टिपला, तेव्हा त्यानं जखमी खेळाडू बदलला.

तांड्यावरचा उदयसिंग पेपर वाचणारा माणूस. त्यानं हळूच विचारलं, "पन जगदेवभाऊ, मांगच्या ऑलिंपिकात याच युगोस्लावायनं आपल्याले दहा गोल मारले होते ना?"

सगळे जगदेवकडे बघू लागले.

"तवा थंडी होती, अन् आपले पोट्टे अनवानी खेळले. आता पायात बूट हायेत. बुटानंच अर्धा सामना जिकला समज!"

"अन् त्यायच्या पायात काय हाय?" सोजरबाईनं विचारलं.

"त्यायच्याही बूटच."

"मंग?"

जगदेवनं उगाच एक बोंड उचलून दुसरीकडे ठेवलं. "मंग काय मंग! दोन-एक. आपन जिकतो. लिहून घ्या."

"लिहून कायले घ्याचं?" सोजरबाई म्हणाली. "हारले, त हे खळं तुमी सारवान. चारचौघात सांगा."

चारचौघात नाही म्हणणं जगदेवला जमलं नाही.

गुरुवारी उदयसिंग पेपर घेऊन खळ्यावरच आला आणि मोठ्यानं वाचू लागला. "पह्यला गोल आपला!" जगदेव ताडकन उठला. "पन मंग त्यायनं चार मारले. चार-एक."

जगदेवनं धोतर खोचलं, बादली घेतली आणि तो शेण कालवायला बसला. बघायला मंगळवारचीच मंडळी जमली. "काहून हो, सारवायले बी बूट लागतात काय?" कोणीतरी म्हटलं. सगळे हसले. थोड्या वेळानं जगदेवही हसला, पण चुन्याची रेघ आली की त्याचा हात रेंगाळायचा. सहा वर्षं त्यानं ओढलेल्या रेघांच्या आत गोरेच पळाले होते. परवा पहिल्यांदा त्याच्या रेघांच्या आत आपली माणसं होती, मग ती कणसं का असेनात.

"दहाचे चार झाले," तो मान खाली घालूनच म्हणाला. "चार सालात सहा गोल कमी झाले. पुढच्या ऑलिंपिकात उलटे आपलेच दोन चढतात का नाई, सांगा!" मंडळी हा हिशेब बोटांवर मोजत पांगली.

त्याचं सारवण म्हणजे नुसत्या लाटा होत्या. सोजरबाईनं ते पाहिलं. मग पदर खोचून शेजारी बसली आणि त्याच्यामागून हात फिरवू लागली.

"मारला ना पन एक गोल आपन? अन् तो बी पह्यले?"

"मारला."

"मारनारा पोट्टा कोठी हुभा असन?"

जगदेवनं ओल्या शेणात बोटानं गोलाची चौकट काढली, गोलकीपर दाखवला, आणि जरा विचार करून एक ठिपका दिला. "अठी. एकटाच."

सोजरबाई वाकून त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

"शाबास रे बापा," ती म्हणाली. "आता हे पुसा. ज्वारी घालाची हाय."