सगळं आपोआप

भाष्यकारांना मत नाही असा एखादा विषय त्या धुलाई कंपनीत कुणी शोधून काढला असता, तर त्याचा सत्कार करायला हवा होता. पण शोधायला वेळ कुणाला? त्यांची मतं ऐकण्यातच सगळ्यांचा दिवस जायचा.

कंपनी हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायची. खाली बॉयलर, पिळणारी यंत्रं, इस्त्रीचे लांबलचक रोलर. वर, बॉयलरच्या अगदी डोक्यावर, एक खोली. तिथे दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि भाष्यकार. कुठल्या व्हॅनमधून कुठे किती चादरी जायच्या हे ठरवणारा प्रोग्राम त्यांनी एकट्याने लिहिला होता, आणि त्याबद्दल ते कधीच बढाई मारत नसत. दिवसातून फार तर चारपाच वेळा उल्लेख करत.

दुसऱ्या टेबलावर नवी बसायची. खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण तीन महिन्यांच्या उमेदवारीवरच्या माणसाला नावाने हाक मारायची घाई कुणाला नव्हती. तिने पदवी घेतली होती वनस्पतीशास्त्रात. प्रोग्राम लिहायला ती घरीच, आपली आपण शिकली होती. शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून ती इथे आली, तेव्हापासून वडील रोज जेवताना एकच प्रश्न विचारायचे, "झालीस का कायम?" आणि पोळीचा तुकडा मोडत सहज म्हटल्यासारखं म्हणायचे, "नाही, शाळेतली ती जागा अजून भरलेली नाही म्हणे." उमेदवारीचा शेवटचा आठवडा आला होता. शुक्रवारी मॅनेजरबाई निकाल देणार होत्या.

पहिल्याच दिवशी तिने भाष्यकारांना विचारलं होतं, "सर, मला सगळं शिकवाल ना?"

"शिकवता येत नाही गं कुणाला," ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "शिकता येतं."

हे मत त्यांना फार सोयीचं होतं. त्यामुळे शिकवण्याचा त्रास वाचायचा आणि वर विचारवंत म्हणून नावही व्हायचं.

तंत्रज्ञानाबद्दल ते म्हणायचे, की नवं काही नसतंच. जुन्यालाच नवं नाव देतात आणि किंमत वाढवतात. कामाबद्दल म्हणायचे, "एखादं काम दोनदा हाताने करावं लागलं, तर तिसऱ्यांदा ते मशीनने केलं पाहिजे. तिसऱ्यांदाही जो हातानेच करतो, त्याने प्रोग्रामर म्हणवून घेऊ नये." मीटिंग म्हणजे ज्यांना काम नाही त्यांनी ज्यांना काम आहे त्यांना हुडकून काढायची युक्ती. आणि ती हल्लीची बोलकी यंत्रं, विचारलं की उत्तर देणारी? त्यांचं नाव काढलं की भाष्यकारांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

"कुणी विचारो न विचारो, ठामपणे बोलतं. चुकीचंच बोलतं, पण काय आत्मविश्वास! आणि कुणी अडवलं की लगेच माफी मागतं आणि त्याच दमात दुसरं चुकीचं सांगतं."

माफीचा भाग सोडला तर वर्णन ओळखीचं आहे, असं नवीच्या मनात आलं. ती काचेवरची वाफ बोटाने पुसत खालच्या व्हॅन बघत राहिली. उमेदवारीवरच्या माणसाने बघण्यासारखं खाली बरंच काही असतं.

भाष्यकारांच्या टेबलावर एक मळकट पांढरा फोन होता, वायरवाला. त्याबद्दलही मत होतंच. "फोन म्हणजे दुसऱ्याचा आळस आपल्या टेबलावर वाजणं. उचलायचा नाही. उचललास की तू कामाची राहिली नाहीस, तू चौकशीची खिडकी झालीस."

नवीने तो फोन कधी वाजतानाही ऐकला नव्हता. ती यायची आठ वाजता. भाष्यकार पहाटे बॉयलर पेटतानाच येऊन बसलेले असायचे. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पहाटेच्या बुद्धीबद्दल एक मत ऐकावं लागलं असतं.

मग भाष्यकारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पडद्यावरची अक्षरं त्यांना धुक्यात वाळत घातलेल्या चादरींसारखी दिसायला लागली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि आठवडाभर पडदा बघायचा नाही अशी तंबी दिली. जाण्याआधी त्यांनी नवीला काम समजावून सांगितलं. त्यात कीबोर्डची बटणं किती वाजावीत, तरुणांना कंटाळा कसा सहन होत नाही आणि चष्म्याचे धंदे यांवर सविस्तर चर्चा झाली.

"पण सर, काही बिघडलं तर?"

"बिघडत नाही. सगळं आपोआप आहे. सकाळी लवकर ये, हिरवा ठिपका दिसला की व्हॅन सोड. मी नसलो तरी अडत नाही, यालाच काम म्हणतात."

सोमवारी ती बॉयलर पेटतानाच येऊन बसली. कॉम्प्युटर लावला. पडद्यावर हिरवा ठिपका होता. तेवढ्यात तो पांढरा फोन वाजायला लागला. थांबला. पुन्हा वाजला. नवीने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. गुरूची मतं पाळायची तर अशा वेळीच. चौकशीची खिडकी व्हायचं नाही म्हणून ती निश्चयाने बसून राहिली, आणि फोन बिचारा थकून गप्प झाला. व्हॅन सुटल्या.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. मॅनेजरबाई जिना चढून वर येत नसत. त्या आल्या म्हणजे काहीतरी जळालं असणार.

"मोठ्या हॉस्पिटलात एक चादर गेलेली नाही! एक! ऑपरेशन थिएटर थांबलंय तिकडे. काय दिवे लावलेत सकाळपासून?"

नवीने पडद्याकडे बोट दाखवलं. "मॅडम, हिरवा ठिपका..."

"ठिपका अंथरायचा का पेशंटखाली?"

नवीने नोंद उघडली. मोठं हॉस्पिटल: चादरी शून्य, अभ्रे शून्य. प्रोग्रामचा दोष नव्हता. शून्य मागितल्या होत्या, शून्य पाठवल्या, आणि आपल्या चोखपणाबद्दल स्वतःलाच हिरवा ठिपका दिला होता. लिहिणाऱ्याचा स्वभाव प्रोग्राममध्ये उतरतो म्हणतात तो असा.

खालच्या तयार गठ्ठ्यांतून एक व्हॅन भरून घाईने पाठवली गेली. जाताना मॅनेजरबाई म्हणाल्या, "शुक्रवारी मला कारण हवंय. ठिपका नकोय."

नवीने भाष्यकारांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने, काकूंनी उचलला.

"त्यांचा मोबाइल मी बंद करून कपाटात ठेवलाय. लॅपटॉपही. डॉक्टरांचं ऐकत नाहीत. डोळ्यांवर पट्टी आहे, तोंडावर बांधायची राहिली. थांब, देते."

नवीने सगळं सांगितलं. मोठं हॉस्पिटल, शून्य, थिएटर. पलीकडे शांतता पसरली. भाष्यकारांना ओळखणाऱ्या कुणालाही त्या शांततेने दचकायला हवं होतं. पण नवी स्वतःच इतकी घाबरलेली होती, की तिला वाटलं फोन कटला.

"सर?"

"प्रोग्राममध्ये काही नाही," ते अखेर म्हणाले. "मॅनेजरबाई काय म्हणाल्या?"

"माझी चूक आहे म्हणाल्या."

पुन्हा तीच शांतता. "उद्या होईल बरोबर. आपोआप." मग काकूंनी फोन काढून घेतला.

ती दिवसभर प्रोग्राम वाचत बसली. एकेक ओळ, शिरा मोजत पान बघावं तशी. काहीही चुकीचं सापडलं नाही. काचेवर वाफ जमत राहिली, पुसायला तिला सुचलं नाही. रात्री जेवताना वडिलांनी प्रश्न विचारला नाही. नुसतं तिच्याकडे बघून भाजी वाढली. ते जास्त झोंबलं.

मंगळवारी पहाटे पांढरा फोन पुन्हा वाजला. नवीने त्याच्याकडे पाहिलं. नोकरी तशीही जाणारच होती. चौकशीची खिडकी म्हणून तरी जाऊ दे. तिने उचलला.

"जिवंत आहात का गेलात?" पलीकडून एक खणखणीत बायकी आवाज आला. "काल किती वेळा लावला! घ्या, लिहून घ्या. थिएटरच्या हिरव्या चादरी..."

"थांबा, थांबा. कोण बोलतंय?"

"तू कोण बोलतेयस? पंडित कुठाय?"

मोठ्या हॉस्पिटलातल्या चादरींच्या स्टोअरच्या सिस्टर होत्या त्या. रोज पहाटे त्या फोनवर आकडे सांगायच्या आणि भाष्यकार स्वतःच्या हाताने ते भरायचे. रोज. कित्येक वर्षं. तिसऱ्यांदा हाताने करणाऱ्याने प्रोग्रामर म्हणवून घेऊ नये, असं सांगणाऱ्याच्याच हाताने.

"सुट्टीवर जातोय, मोबाइलवर करा म्हणाला होता," सिस्टर सांगत होत्या. "काल लावला तर बंद. मग इथे लावला, तर इथे सगळे झोपलेले."

"पण सिस्टर, तुमच्याकडे कॉम्प्युटर नाही का? बटण दाबलं की आकडे थेट येतील असं?"

"आहे की! त्यानेच येऊन बसवून दिलंय. आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं, त्या बटणाचा भरवसा नाही, फोनच करत जा."

पलीकडे चमचा कपात फिरल्याचा आवाज आला.

"मला तेव्हाच कळलं होतं गं," सिस्टर जरा हळू बोलल्या. "बटणाला काही झालेलं नाही. पण इतक्या पहाटे कुणाला काहीतरी सांगायचं असलं, तर ऐकणारं कोण असतं? मी ऐकते. निम्मं खोडून काढते. माझा चहा गार होतो, तेवढंच. त्याला सांगू नकोस हं, त्याला वाटतं त्याच्या मतांवाचून माझं अडतं."

आकडे लिहून झाल्यावर नवीने विचारलं, "उद्या एकदा बटण दाबून बघाल?"

बुधवारी बटण दाबलं गेलं. मोठ्या हॉस्पिटलचे आकडे पडद्यावर मुकाट्याने येऊन बसले. चादरी वेळेवर पोचल्या. आणि तरीही फोन वाजला.

"दाबलं. आलं का?"

"आलं."

"बरं. मग आता बोल. तू काय शिकलीस म्हणालीस?"

शुक्रवारी मॅनेजरबाईंनी तिला समोर बसवलं. "हं. कारण."

आदल्या रात्री नवीने बरीच कारणं तयार केली होती. काही खोटी आणि सुबक, काही खरी आणि चहाडीसारखी. आयत्या वेळी तिला त्यातलं सर्वांत लहान सापडलं. "सोमवारी फोन वाजत होता. मी उचलला नाही."

"फोनचा काय संबंध? सगळं आपोआप आहे ना?"

"नव्हतं, मॅडम. मोठ्या हॉस्पिटलचं हाताने भरलं जायचं. बुधवारपासून आपोआप आहे."

मॅनेजरबाई उठल्या, त्यांनी दार लावलं, परत येऊन बसल्या. "हे आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. मालकांना मी दरवर्षी लिहून देते, शंभर टक्के आपोआप. मलाही शाबासकी मिळते त्याची." त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "आता जे आधीपासून झालेलंच आहे, ते तू या आठवड्यात केलंस, असं मी कसं लिहू?"

म्हणजे केलेल्या कामाचा उपयोग शून्य. शून्य मागितलं, शून्य मिळालं. नवीला समोर हिरवा ठिपका दिसायला लागला.

"मग मला कायम करायला काय कारण लिहाल?" तिने विचारलं.

मॅनेजरबाईंनी पेन पुन्हा उचललं. "तूच सांग."

"लिहा, फोन उचलते."

मॅनेजरबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी तेच लिहिलं. खाली सही केली.

पुढच्या सोमवारी भाष्यकार काळा चष्मा लावून पहाटेच हजर झाले. नवी आधीच आलेली पाहून त्यांचा चेहरा किंचित पडला. त्यांनी कॉम्प्युटर लावला. मोठ्या हॉस्पिटलचे आकडे पडद्यावर बसलेले होते.

"हे कसं आलं?"

"आपोआप, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खाली बॉयलरने सुस्कारा सोडला आणि काचा हळूहळू पांढऱ्या होत गेल्या. मग फोन वाजला. भाष्यकारांचा हात सवयीने उठला आणि अर्ध्यावर थांबला. भरायला आकडेच उरले नव्हते.

"उचला," नवी म्हणाली. "कामाचा नाही तो."

त्यांनी उचलला. बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. "हो," ते म्हणाले. "दिसतंय आता. सगळं लख्ख दिसतंय." मग फोनच्या तोंडावर हात ठेवून ते नवीकडे वळले.

"त्या दिवशी मी फोनवर सांगायला हवं होतं गं. तुझ्यावर येतंय हे कळत होतं मला. चुकलंच माझं. माफ कर." मग ते खुर्चीत मागे रेलले. "पण एक सांगतो, असं नुसतं बटणावर सोडलेलं काम फार दिवस टिकत नाही..."

बोलक्या यंत्राचं वर्णन आता पूर्ण जुळत होतं. नवीने मान डोलावली आणि काच पुसायला उठली.