आप्पासोंचा पहाड

आमच्या शेजारचे सुभेदार आप्पासो पक्के ऊसवाले. पाट भरून पाणी सोडायचं आणि पिकाकडे बघत मिशी पिळायची, एवढंच त्यांचं शेतीशास्त्र. फौजेतून परतताना हिमाचलच्या बलदेव नावाच्या सोबत्याच्या अंगणातून त्यांनी एक रोप आणलं. बोटभर उंच, जाड पानांचं. तिकडे थंडीभर बर्फाखाली झोपतं आणि उन्हाळ्यात दगडाच्या फटीतून पिवळं फुलतं. आप्पासोंनी विहिरीजवळ दगड रचले, फटींत खडी भरली आणि त्याला छोटा पहाड करून दिला. त्यावर रोज दोन तांबे पाणी! पानं पिवळी पडली की तिसरा तांब्या. आम्ही बजावून थकलो, पण माणूस ऐकेल तर शपथ.

गेल्या पावसाळ्यात बलदेवच्या घरामागचा डोंगर खचला. माणसं वाचली, पण त्याच्या आईनं लावलेली दगडातली बाग दरडीखाली गेली. आई आधीच वारलेली. फोनवर तो लहान पोरासारखा रडला. तुझ्या आईचं रोप माझ्याकडे आहे, काडी धाडतो, असा आप्पासोंनी शब्द दिला. तेव्हापासून त्या बिचाऱ्या रोपाचं पाणी आणखीच वाढलं.

ऊस तुटल्यावर आप्पासोंनी खतासाठी बिरदेव धनगराच्या मेंढ्या रानात बसवल्या. त्याला बांध दाखवला, विहीर दाखवली. दगड दाखवायचे राहिले. सकाळी बघतात तर रोप बुडख्यापर्यंत साफ.

"आवं, तुमीच म्हणाला, रान मोकळं हाय," बिरदेव मान खाली घालून म्हणाला.

आप्पासो भांडले नाहीत. तांब्या घरात नेऊन ठेवला आणि बलदेवचे फोन घेणं बंद केलं. सीमेवर उभा राहिलेला माणूस, पण फोन वाजला की उठून परसात जायचा. मला त्यांची फार कीव यायची.

महिन्याभरानं त्यांची बायको धोंडुबाई विहिरीवरून ओरडली, "आवं, हिकडं या! कोंब फुटल्यात!"

आप्पासो धावले. दगडाच्या फटीत गुबगुबीत कोंब बघून डोळे भरले, आणि सवयीनं हात बादलीकडे गेला. धोंडुबाईनं बादली मागं ओढली.

"मेलं समजून पानी तोडलं, तवा जगलंय त्ये. आता माया आवरा."

आप्पासोंनी तिथूनच बलदेवला फोन लावला आणि मेंढ्यांपासून सगळं खरं सांगून टाकलं. आता काडी धाडतो, म्हणाले. पलीकडून बलदेव हळूच हिंदीत बोलला.

"काडी नको धाडूस अजून. आधी मी दरडीवर जाऊन बघतो, तिथंही कुठं कोंब फुटलाय का ते."