हळदीचं बोट

दसरा आला की मला हळदीचा वास नकोसा होतो. घरच्यांना वाटतं, नखरे.

बेलापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी पकडणारी चिप बनवत होतो. तत्त्व सोपं होतं. चिपवरच्या सोन्याच्या ठिपक्याला पेशी चिकटल्या की करंट कमी होतो, नाही चिकटल्या तर तसाच राहतो. उरणजवळ मोऱ्याला राहणारी माझी आत्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आम्हाला चाचणीसाठी रक्त द्यायची. दुखणं पुन्हा उलटलंय का, एवढाच तिच्या घरचा घोर होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना दसऱ्याला फोटो हवे होते. पाहुणे बोलावले, यंत्राला झेंडूचा हार घातला, आणि पूजा म्हणे पेशंटच्याच हातून! आत्या ठेवणीतली साडी नेसून आली. तिनं भक्तिभावानं यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि सरांनी खूण करताच त्याच हातानं चिप उचलून खाचेत सरकवली. बोट नेमकं सोन्यावर. "हातमोजे!" मी ओरडले. सर कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

चिपवर तिच्या रक्ताचा थेंब टाकला. करंट कमी झाला नाही, तसाही राहिला नाही, उलट वाढला. "एकदम क्लीन!" सरांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. हळद सोन्याला लागली की स्वतःच करंट देते, हे त्या माणसाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मला शिसारी आली.

पाहुणे गेल्यावर मी उरलेलं रक्त नव्या चिपवर घातलं. करंट धाडकन खाली आला. आणखी एक चिप लावली. तेच.

"परत करायला कोणी सांगितलं तुला?" सर पेढा चघळत म्हणाले. "फोटो गेले सगळीकडे. आणि आपण कुठे रिपोर्ट देतो? टेन्शन नको घेऊ."

त्यांच्या ओठाला खवा लागला होता. 

मी तशीच मोऱ्याला गेले. आत्यानं हॉस्पिटलला फोन करून ठरलेलं स्कॅन रद्दसुद्धा केलं होतं. आमची चिप काही निदान नव्हे, पण आता स्कॅन टाळून चालणार नव्हतं.

"आता कशाला गो स्कॅन?" ती म्हणाली. "मशीननं सांगलंय ना, काय नाय म्हनून."

"मशीननं नाही, आत्या. तुझ्या हळदीनं सांगितलं."

ती बोटांकडे बघत राहिली. नखांत अजून पिवळं होतं. मग ती पदरानं ते पुसायला लागली.