दाजी रुसले आणि सरपंच पडले

आमच्या दाजींइतका मन लावून रुसणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून दुसरा झाला नाही, होणार नाही, आणि झालाच तर दाजी त्याच्यावर रुसून बसतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव त्यांचं मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या पुढे, रस्ता सोडून जरा आत. भातशेती, मोठा आवाज, लोण्यासारखं मन आणि बारमाही रुसवा. जावई फक्त लग्नात रुसतो, ही आमची समजूत त्यांनी पहिल्याच वर्षी मोडीत काढली. आमच्याकडे शहापूरला जेवायला आले आणि भाजी कशी झालीय हे कुणी विचारलं नाही, तर रुसले. पुढच्या वेळी आठवणीनं विचारलं, तर ‘म्हंजे मी नाव ठेवायला येतो काय?’ म्हणून रुसले. सापगावला एका साखरपुड्यात फेटा बांधायला यांचा नंबर उशिरा लागला, तर हे रस्त्यावर जाऊन उन्हात उभे. समोरून एसटी आली नि गेली, पण चढले नाहीत, कारण चढले असते तर समजूत काढायला येणाऱ्यांची पंचाईत झाली असती. त्यांची रीतच तशी. लांब जायचं नाही, हाकेच्या अंतरावर थांबायचं आणि कोण येतंय ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं. कुणी येऊन हात धरला की गडी हसत पंगतीला हजर. या रुसव्यानं कुणाचं कधी काही बिघडलं नव्हतं.

गावात समजूत काढायचं काम सरपंचांकडे असे. सरपंच म्हणजे दाजींचे शेजारी आणि लहानपणापासूनचे दोस्त. ते इतकी वर्षं निवडून येत होते की त्यांचं खरं नाव सांगायला गावकऱ्यांना क्षणभर थांबावं लागे. पण या निवडणुकीच्या धामधुमीत ते दाजींच्या नातवाच्या बारशाला यायचं विसरले. झालं! दाजी ओटीवर तोंड फिरवून बसले आणि वाट बघू लागले. सरपंच प्रचाराला घरावरून गेले ते गाडीतूनच हात हलवत. “मी काय मतदार हाय काय, हात हलवायला?” दाजी माझ्या बहिणीवर ओरडले. समोरचा उमेदवार म्हणजे कल्याणला नोकरीला जाणारा एक पोरगेला इसम, ज्याच्या आईलाही तो निवडून येईल असं वाटत नव्हतं. दाजींनी जाऊन त्याचं बटण दाबलं. “सरपंच पडायचा थोडाच हाय? जरा कळू दे त्याला.”

मतमोजणीला मी दाजींबरोबर मुरबाडला होतो. सरपंच पडल्याचं पुकारलं तेव्हा कुणी ओरडलंसुद्धा नाही. निवडून आलेला पोरगा ‘परत वाचा ना साहेब’ म्हणत होता. सरपंचांच्या माणसांनी गुलालाची पोती टेम्पोत भरून आणलेली, आणि जिंकलेल्यांकडे चिमूटभरही नाही. शेवटी त्यांच्यातला एक जण चाचरत टेम्पोपाशी आला. “तुमाला आता लागायचा नाय ना?” आणि या माणसांनी, सुन्न होऊन, पोतं उचलून दिलं! दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मीच पाडला रे त्याला,” ते म्हणाले. मी समजावलं की तुमच्या एका मतानं काय होतंय, मोठ्या फरकानं पडलेत. “मग बाकीच्यांनी काय जुडीनं टाकली? त्यांनीपन एकेकच टाकलं ना!” परतीच्या जीपमध्ये हळूहळू एकेकाचं बाहेर पडू लागलं. कुणाच्या दारातला दिवा लागला नव्हता, कुणाला सरपंचांनी लग्नात आहेर स्वतःच्या हातानं दिला नव्हता. प्रत्येकानं जरासा चटका द्यायचा म्हणून बटण दाबलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच. पडावा असं कुणालाच वाटत नव्हतं.

सरपंचांनी अन्नपाणी सोडलं. भिंतीकडे तोंड करून झोपले ते उठेनात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं दाजींना बोलावून घेतलं. “भावजी, रुसण्यातलं तुमालाच कळतं. तुमीच उठवा यांना.” मीही सोबत गेलो. आणि तिथे माझ्या लक्षात आलं की या माणसानं आयुष्यात कधी कुणाची समजूत काढलेलीच नाही. दाजींनी पाठ थोपटली, ती जरा जोरातच बसली. ‘नवा पोरगा काय टिकायचा नाय’ असं म्हणाले, मग ‘पोरगा तसा चांगला हाय’ असंही म्हणाले. चहा मागवला आणि घाबरून स्वतःच पिऊन टाकला. सरपंच हलले नाहीत. शेवटी दाजी एकदम म्हणाले, “मी तुला मत नाय दिलं.”

सरपंच वळले.

“का रे?”

“तू बारशाला नाय आलास.”

“मग येऊन शिवी घालायचीस ना रे. मला वाटलं, सगला गाव फिरला तरी तू हायेस.” एवढं बोलून ते उठले, तोंड धुतलं आणि बायकोला म्हणाले, “वाढ गो, दोघांना.” दोघं जेवले. दाजींच्या डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं.

आता सगळं सुरळीत आहे. दोघं संध्याकाळी एकत्र बसतात, नव्या सरपंचाला अक्कल शिकवतात. परवा सरपंचांच्या, म्हणजे आमच्या जुन्याच सरपंचांच्या, पुतणीच्या हळदीला आम्ही सगळे गेलो होतो. गर्दीत दाजींना कुणी बसा म्हटलं नाही, पान वाढायचंही आधी राहून गेलं. मी आणि बहीण मोठ्या आशेनं बघत होतो. दाजी गुपचूप कोपऱ्यात बसले आणि समोर येईल ते जेवले. मी जवळ जाऊन विचारलं, “काय दाजी, आज रुसला नाहीत?”

“रुसायला समोरच्यावर हक्क लागतो रे,” ते हळूच म्हणाले. “माजा मी त्या मशीनवर दाबून आलो.”

पलीकडे सरपंच वाढप्यांच्या मागे उभे होते. त्यांनीही सगळं पाहिलं होतं. दाजी उठून बाहेर जातील, मग आपण मागोमाग जाऊ, म्हणून ते कितीतरी वेळ दाराशी थांबून राहिले होते.